शेवटचा काळ आलाय म्हणून युद्धावर हालेलुया म्हणायचं का? (ख्रिस्ती श्रद्धेबद्दल प्रश्न, जाणकारांनी लिहा)

आगाशीचा:

नमस्कार मंडळी. मी वसई पट्ट्यातला, कॅथोलिक. खूप दिवस मनात होतं, आज लिहितोय, कारण घरात हा विषय काढला की दोन मिनिटांत आवाज चढतात.

माझा मोठा चुलतभाऊ, आम्ही दादाच म्हणतो त्याला, तो हल्ली आपल्या धर्मग्रामातल्या मिस्साला येत नाही, स्टेशनच्या बाजूला एका दुकानाच्या वरती प्रार्थनेचा हॉल आहे तिथे जातो. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही हे आधीच सांगतो. त्याची दारू सुटली, वहिनीशी नीट बोलायला लागला, बायबल रोज वाचतो, आमच्यात कोण वाचतं एवढं. पण गेल्या काही महिन्यांत त्याच्या बोलण्यात एकच गोष्ट, शेवटचा काळ. भिंतीवर मोठा चार्ट लावलाय, डावीकडून उजवीकडे बाण, सात वर्षांचं महासंकट, मध्ये एक लाल रेघ, मग हर्मगिदोन म्हणजे शेवटची मोठी लढाई, मग हजार वर्षांचं राज्य. बातम्यांत कुठे बॉम्ब पडला की तो त्या चार्टवर बोट ठेवतो.

मी एकदा त्याच्या आग्रहाने हॉलमध्ये गेलो. मोठ्या स्क्रीनवर युद्धाचा व्हिडिओ लावला होता, कोसळलेल्या इमारती, धूळ, पळणारी माणसं, खाली पट्टी की वचन पूर्ण होत आहे. आणि लोक हात वर करून हालेलुया म्हणत होते. मनापासून म्हणत होते, नाटक नव्हतं. माझ्या पुढच्या रांगेत आमच्याच गावची एक काकी होती, तिचा मुलगा बोटीवर आहे, रेड सीमधून जाणारी लाईन. २०२३ च्या शेवटी तिकडे जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा ही बाई महिनाभर नीट जेवली नव्हती, मला माहितीय. तिने हात वर केले नाहीत, नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

नंतर दादाला विचारलं की अरे हे बघून आनंद कसा होतो. तो म्हणाला आनंद युद्धाचा नाही, प्रभू येतोय याचा आहे, आणि हे सगळं होणारच, थांबवायला जाणं म्हणजे देवाच्या योजनेत हात घालणं. शांततेसाठी प्रार्थना कर म्हटलं तर म्हणतो शांततेचा करार तर ख्रिस्तविरोधीच, म्हणजे शेवटच्या काळात येणारा ख्रिस्ताचा शत्रूच, करणार आहे.

मला जाणून घ्यायचंय की बायबलमध्ये खरंच असं आहे का, की शेवट जवळ आला म्हणून हिंसेकडे बघत बसायचं किंवा तिचं स्वागत करायचं? आणि ज्यांनी ज्यांनी असं मानलं ते इतिहासात पुढे हिंसक झाले की शांत झाले? विश्वासांगिकारात दर रविवारी मी पण म्हणतोच की तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येणार आहे. मी ते खोटं म्हणत नाही. म्हणूनच विचारतोय. कृपया कोणाच्या धर्माची टिंगल करू नका.

---

वेंगुर्ल्याची_लेक:

भाऊ, प्रश्न चांगला मांडलात. माझे वडील पाळक होते, आमची मंडळी सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), म्हणजे जुनं अमेरिकन मिशन. प्रकटीकरण, म्हणजे बायबलमधलं शेवटचं पुस्तक, आमच्या घरी दर वर्षी वाचलं जायचं, अर्ध्यावर भीती वाटायची मला लहानपणी, ते श्वापद, ते सात कर्णे, त्या क्रोधाच्या वाट्या. तरी वडील पूर्ण वाचायला लावायचे, आणि आता कळतं की पूर्ण वाचणंच महत्त्वाचं आहे, कारण ते तुकड्यातुकड्याने वाचलं की माणूस भलतीकडे जातो.

पहिली गोष्ट म्हणजे हे पुस्तक लिहिलं कोणासाठी. आजच्या तुर्कस्तानात सात छोट्या मंडळ्या होत्या, एफेस, स्मुर्णा, पर्गम वगैरे, रोमच्या सत्तेखाली. लिहिणारा योहान पात्म नावाच्या बेटावर होता. बहुतेक अभ्यासक ते पहिल्या शतकाच्या अखेरीस, डोमिशियन बादशहाच्या काळात धरतात. म्हणजे हे मार खाणाऱ्या किंवा मार पडेल या भीतीत जगणाऱ्या लोकांचं पुस्तक आहे. त्यांच्या हातात ना फौज ना सत्ता. त्यांना सांगितलंय काय, तर टिकून राहा. १३ व्या अध्यायात श्वापद पवित्र लोकांशी लढतं आणि त्यांना जिंकतं, असं स्पष्ट लिहिलंय, आणि लगेच १० व्या वचनात तलवारीचा उल्लेख येतो आणि वाक्य संपतं कुठे, तर पवित्र जनांचा धीर आणि विश्वास इथेच दिसायचा आहे. उठा, शस्त्र घ्या, असं कुठेच नाही.

दुसरं, ५ वा अध्याय तुमच्या दादांना परत वाचायला सांगा. योहान रडतोय कारण शिक्के मारलेली गुंडाळी उघडायला कोणी लायक सापडत नाही. सिंहासनाभोवतीच्या वडीलजनांपैकी एक जण त्याला सांगतो, रडू नको, यहूदाच्या वंशाचा सिंह जिंकलाय. तो वळून बघतो तर सिंह नाहीच, तिथे कोकरा उभा आहे, वध झाल्यासारखा. ऐकला सिंह, दिसला कोकरा. आणि त्यापुढे पुस्तकभर येशूला सगळ्यात जास्त वेळा कोकराच म्हटलंय, येशूसाठी सिंह परत येत नाही. मला हे पुस्तकाचं काळीज वाटतं.

मग १९ वा अध्याय, पांढरा घोडा, ज्याची सगळ्यात जास्त पोस्टरं बनतात. तिथे स्वाराचा झगा रक्तात बुडवलेला आहे, पण लढाई अजून सुरूच झालेली नाही. मग ते रक्त कोणाचं? जुन्या काळापासून अनेकांनी ते त्याचं स्वतःचं, क्रुसावरचं रक्त म्हणून वाचलंय, काहींनी शत्रूंचं म्हणून पण वाचलंय, यशया ६३ वरून, तेही सांगायला हवं. तलवार त्याच्या हातात नाही, तोंडातून निघते. मागून येणारी सैन्यं पांढऱ्या तागाच्या वस्त्रात आहेत, त्यांच्या हातात शस्त्र असल्याचा उल्लेख नाही, आणि ती काही करत पण नाहीत. हर्मगिदोनला (१६:१६) जमतात ते पृथ्वीचे राजे. विश्वासणाऱ्यांना तिकडे भरती व्हायला बोलावलेलं नाही.

आणि शांतीचा करार ख्रिस्तविरोधीच करणार, हे कुठून येतं तेही सांगते. दानीएल ९:२७ मध्ये एका सप्तकाचा करार आहे (तो सात वर्षांचा म्हणून वाचतात), आणि १ थेस्सलनीकाकरांस ५:३ मध्ये आहे की लोक शांती आहे, सगळं सुरक्षित आहे असं म्हणत असताना अचानक नाश येईल. ही दोन वचनं एकत्र शिवली की मग जो कोणी करार करायला बसेल त्याच्याकडे संशयाने बघायचं असा निष्कर्ष निघतो. पण हे पत्र लिहिणारा प्रेषित पौलच त्याच पत्रात, त्याच अध्यायात, १५ व्या वचनात लिहितो की कोणीही वाइटाबद्दल वाईट करू नका. हे वचन चार्टवर कधी येत नाही!! याचं मला खरंच वाईट वाटतं.

---

खाडीकाठ:

रत्नागिरीहून. मी ख्रिस्ती नाही, शाळेत इतिहास शिकवायचो, आता निवृत्त. ताईंनी पुस्तकातलं सांगितलं, मी घडलेलं सांगतो, कारण तुमचा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर दोन्ही आहे, काही हिंसक झाले आणि काही इतके अहिंसक झाले की जीव गेला तरी हात उचलला नाही, आणि गंमत नाही तर खरोखर विचार करायला लावणारी गोष्ट ही की दोघं एकाच मुळातून निघाले.

सोळाव्या शतकातला जर्मनी घ्या. थॉमस म्युन्त्झर नावाचा धर्मोपदेशक, १५२१ मध्ये प्रागला असताना त्याने लिहिलं की कापणीची वेळ आली आहे, देवाने मला कापणीला लावलंय, मी विळा परजलाय. चार वर्षांनी, मे १५२५ मध्ये फ्रांकेनहाउझेनला शेतकऱ्यांची फौज घेऊन तो राजांच्या सैन्यासमोर उभा राहिला, देव आपल्या बाजूने लढेल या खात्रीने. हजारो शेतकरी कापले गेले, त्याचंही डोकं उडवलं. शेतकऱ्यांचं गाऱ्हाणं खरं होतं, वेठ, कर, सगळं खरं होतं, हे विसरून चालणार नाही.

मग म्युन्स्टर. १५३४ च्या फेब्रुवारीत अॅनाबॅप्टिस्ट लोकांनी, म्हणजे मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्या पंथाने, हे जर्मन शहर ताब्यात घेतलं, हेच नवं यरुशलेम म्हणून. यान माथिस त्यांचा पुढारी, त्याने त्या वर्षीच्या ईस्टरला न्यायाचा दिवस येणार असं सांगितलं. ईस्टर आला, काही झालं नाही, तर तो थोडी माणसं घेऊन वेढा घातलेल्या सैन्यावर चालून गेला आणि मारला गेला. त्यानंतर लायडनचा यान स्वतःला राजा म्हणवून घेऊ लागला, विरोध करणाऱ्यांना मारू लागला, आणि आत लोक उपाशी मरायला लागले. जून १५३५ मध्ये शहर पडलं. पुढच्या जानेवारीत पुढाऱ्यांना हालहाल करून मारलं आणि प्रेतं लोखंडी पिंजऱ्यांत घालून सेंट लॅम्बर्ट चर्चच्या मनोऱ्याला टांगली. ते तीन पिंजरे आजही तिथेच लटकतायत.

आता दुसरी बाजू. ह्याच अॅनाबॅप्टिस्ट लोकांमधला एक गट १५२७ मध्ये श्लायटहाइमला जमला होता आणि त्यांनी लिहून ठेवलं की ख्रिस्ताच्या माणसाने तलवार वापरायची नाही. म्युन्स्टरचा सत्यानाश झाल्यावर १५३६ मध्ये मेनो सिमन्स नावाच्या कॅथोलिक धर्मगुरूने आपलं पद सोडलं आणि विखुरलेल्या लोकांना तलवार नाकारण्याच्या वाटेवर धरून ठेवलं, त्यांचेच मेनोनाइट, पुढे त्याच मुळातून आमिश. तेही ख्रिस्ताची वाट बघतच होते. फरक वाट बघण्यात नव्हता.

फरक कशात होता तर मत्तय १३ मधला दाखला आठवा, गहू आणि निदण. नोकर विचारतात, निदण उपटून टाकू का, मालक म्हणतो नको, उपटताना गहू पण उपटाल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या, आणि कापणारे देवदूत आहेत. आपल्याकडे बेणणी केलेल्या माणसाला हे लगेच कळेल, रानभात आणि खरं भात लोंबी येईपर्यंत सारखंच दिसतं, नवख्या माणसाला खाचरात सोडलं की तो निम्मं पीक उपटून बांधावर टाकतो. म्युन्त्झरला वाटलं की विळा माझ्या हातात दिलाय. मेनोच्या माणसांनी मानलं की विळा आपल्या हातात नाही. माझ्या मते सगळा इतिहास ह्या एका प्रश्नावर फाटतो, न्याय होणार की नाही यावर नाही, न्याय करणारा कोण यावर.

अजून उदाहरणं खूप आहेत. चीनमध्ये हाँग शिउछुआन स्वतःला येशूचा धाकटा भाऊ समजला आणि स्वर्गीय राज्य उभारायला निघाला, १८५१ ते १८६४, त्या तैपिंग युद्धात दोन कोटींच्या घरात माणसं गेली असा अंदाज करतात. अमेरिकेत १९९३ मध्ये वेको इथे डेव्हिड कोरेशचे अनुयायी, प्रकटीकरणातल्या सात शिक्क्यांचा अर्थ फक्त मलाच कळतो म्हणणारा माणूस, हत्यारांचा साठा, सरकारी वेढा, शेवटी आग, पाऊणशेच्या आसपास माणसं त्या एका दिवशी गेली, त्यात लहान मुलं. आणि त्याच अमेरिकेत विल्यम मिलरच्या लोकांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरून ठेवली होती, ख्रिस्त आला नाही, लोक रडले, पण त्यांनी कोणावर हात उचलला नाही. त्यातूनच पुढे सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट झाले, येशू लवकर येणार हे त्यांच्या नावातच आहे. त्यांच्यातलाच डेस्मंड डॉस, दुसऱ्या महायुद्धात बंदूक हातात घेणार नाही म्हणून अडून बसला, ओकिनावाच्या कड्यावरून जखमी सैनिक एकेक करून खाली उतरवले, अमेरिकेचं सगळ्यात मोठं शौर्यपदक त्याला १९४५ मध्ये मिळालं, विनाशस्त्र. यहोवाचे साक्षीदार हा पंथ, ते तर हर्मगिदोन अगदी जवळ आहे असं मानतात आणि तरी सैन्यात जात नाहीत. नाझी छळछावण्यांमध्ये त्यांच्यासाठी वेगळा जांभळा त्रिकोण होता, सही करून श्रद्धा सोडली तर सुटका होत होती, बहुतेकांनी केली नाही.

म्हणून तुमच्या दादांचा चार्ट बघून लगेच घाबरू नका. ते वाट बघतायत इथपर्यंत ठीक आहे. काळजी कधी करायची, जेव्हा ते म्हणायला लागतील की अमुक माणूस शत्रूच्या बाजूचा आहे आणि त्याचं काय करायचं ते मला कळवण्यात आलंय.

---

रेवदंडा_बंदर:

खाडीकाठ सर, आदर राखून असहमत.

विळा देवाच्या हातात दिला की माणूस अहिंसक झाला, हे मला पटत नाही. हात स्वच्छ राहतात, मन राहत नाही. टर्टुलियनचं उदाहरण घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा. ह्याच माणसाने लिहिलं की प्रभूने आपला शिष्य पेत्र याची तलवार काढून घेतली तेव्हा प्रत्येक सैनिकाला निःशस्त्र केलं. किती सुंदर. आणि ह्याच माणसाने खेळतमाशांच्या विरोधात लिहिताना शेवटी असं लिहिलंय की खरा तमाशा तर न्यायाच्या दिवशी बघायला मिळेल, छळ करणारे राजे आणि अधिकारी आगीत जळताना बघून मी आनंदाने हसेन. एकच माणूस, एकच लेखणी. आज मारणार नाही, कारण उद्या जळताना बघायचंय. ह्याला मी अहिंसा म्हणू शकत नाही, उधारीवर ठेवलेली हिंसा म्हणेन.

प्रकटीकरणात पण १४:२० आहे ना ताई, द्राक्षकुंडातून रक्त निघतं आणि घोड्यांच्या लगामापर्यंत पोचतं. ६:१० मध्ये वेदीखालचे हुतात्मे ओरडतात की आमच्या रक्ताचा सूड कधी घेणार. ते कोकऱ्याचं सगळं मान्य, पण हेही त्याच पुस्तकात आहे. हॉलमधल्या लोकांनी हे वाक्य कुठून आकाशातून आणलेलं नाही.

मी स्वतः जन्माने ख्रिस्ती, आता चर्चला जात नाही. पण त्या काकीचं वाचून पोटात तुटलं. ज्या श्रद्धेत त्या बाईला आपल्या मुलासाठी घाबरायला पण जागा उरत नाही त्या श्रद्धेला प्रश्न विचारलेच पाहिजेत, ती अहिंसक असो नाहीतर नसो.

---

वेंगुर्ल्याची_लेक:

रेवदंडा, तुम्ही दाखवलेली वचनं आहेतच, मी लपवणार नाही. लगामापर्यंतचं रक्त मला आजही वाचवत नाही.

पण ६:१० बद्दल एक सांगू का. ते ओरडणारे कोण आहेत, तर ज्यांना कापून टाकलंय ते. ज्याचं घर जाळलं, ज्याची मुलगी नेली, त्याला रडताना सूड हा शब्द पण तोंडातून काढू नको असं सांगणं मला क्रूर वाटतं. स्तोत्रांतही असे आक्रोश आहेतच. मिरोस्लाव्ह व्होल्फ नावाचे क्रोएशियन ईश्वरविज्ञानी आहेत, युगोस्लाव्हियातलं युद्ध त्यांनी जवळून बघितलं. त्यांनी १९९६ मध्ये मांडलं की न्याय करणारा देव आहे असा विश्वास असेल तरच माणूस स्वतः सूड न घेता राहू शकतो, आणि देव अजिबात रागावत नाही हा विचार शांत घरात बसलेल्या, सुरक्षित माणसालाच सुचतो. हे मला पटतं. रोमकरांस १२:१९ मध्ये पौल तेच सांगतो, सूड देवावर सोपवा, आणि थांबत नाही, पुढच्याच वचनात म्हणतो शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाला. सोपवून मोकळं व्हायचं आणि हात दुसऱ्या कामाला लावायचे.

फक्त हे फरकाने बघा की त्या हॉलमध्ये हालेलुया म्हणणारे वेदीखालचे नव्हते. त्यांचं घर कोसळलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या कोसळलेल्या घरावर ते म्हणत होते. तिथे मी तुमच्या बाजूने आहे.

---

मालवणी_माणूस:

थोडं वेगळं. आमच्याकडे पण कल्की आहे, तो पण पांढऱ्या घोड्यावर तलवार घेऊनच येणार. पण कलियुग धरलंय ४,३२,००० वर्षांचं, त्यातली पाचेक हजारच झाली असं पंचांगवाले सांगतात. त्यामुळे कोणी आज-उद्याच्या घाईत नसतो, माझ्या आजीला कल्की माहीत होता पण तिने कधी पेपर वाचून त्याची वाट बघितली नाही. मला वाटतं मुद्दा विश्वासाचा जेवढा आहे तेवढाच घाईचा आहे. आपल्याच पिढीत होणार म्हटलं की माणूस बदलतो.

---

हर्णैवाला:

अस्सलाम वालेकुम सगळ्यांना. आम्ही कोकणी मुसलमान पण मानतो की हजरत ईसा (येशू) परत येणार आणि दज्जालचा, म्हणजे तुमच्या ख्रिस्तविरोधीसारखाच, खातमा होणार, म्हणून हा धागा पूर्ण वाचला. आमच्यात पण दोन्ही प्रकार आहेत, लपवण्यासारखं काही नाही. सीरियात दाबिक नावाचं एक लहान गाव आहे, शेवटची मोठी लढाई तिथे होणार असं एका हदीसवरून मानतात. आयसिसने त्या गावावरून मासिक काढलं, पोरांना भडकवून तिकडे बोलावलं, आपली माणसंच जास्त मेली त्यात. २०१६ मध्ये ते गाव त्यांच्या हातातून गेलं, शेवटची लढाई वगैरे काही झाली नाही, मासिकाचं नाव तेवढं बदललं.

आणि दुसरी हदीस आमचे नाना सांगायचे, कयामत येऊन ठेपली आणि तुमच्या हातात रोप असेल, तर शक्य असेल तर ते लावून टाका. नानांनी शेवटच्या आजारपणात पण वाडीत नारळाची रोपं लावून घेतली पोरांकडून. आगाशीच्या भावा, तुझ्या दादाला हे सांग, दुसऱ्या धर्मातलं आहे पण ऐकेल कदाचित.

---

आगाशीचा:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट लिहाल असं वाटलं नव्हतं. हर्णैवाले भाई, सांगतो नक्की.

खाडीकाठ सर, दादा कोणाला शत्रू म्हणत नाही अजून, तेवढं आहे. पण एक विचारायचं राहिलं, हा चार्ट, सात वर्षं, आधी विश्वासणारे वर उचलले जाणार मग संकट, हे आमच्या धर्मशिक्षणात कधीच शिकवलं नाही. कॅथोलिक लोक हे मानत नाहीत का? दादा म्हणतो तुमच्या फादर लोकांनी लपवून ठेवलं.

---

बंदरपाखाडी:

मी पण वसईचीच, धर्मशिक्षण शिकवते, म्हणून याला मी उत्तर देते. कोणी काही लपवलेलं नाही.

तो चार्ट ज्या विचाराचा आहे तो जॉन नेल्सन डार्बी नावाच्या उपदेशकाने १८३० च्या दशकात ब्रिटन-आयर्लंडकडे मांडला, काळाचे खंड पाडायचे, मंडळी आधी गुपचूप उचलली जाणार वगैरे. मग अमेरिकेत १९०९ मध्ये स्कोफिल्डचं बायबल निघालं, त्यात वचनांच्या खाली तळटिपांमध्ये हाच अर्थ छापलेला. एकाच पानावर वर वचन आणि खाली टीप, वाचणाऱ्याला दोन्ही सारखंच पवित्र वाटायला लागलं, आणि तिथून ते जगभर गेलं. म्हणजे हा अर्थ दोनशे वर्षांचा पण नाही. संत ऑगस्टिनने पाचव्या शतकात हजार वर्षांचं राज्य म्हणजे आत्ताचा, चर्चचा काळ असं वाचलं होतं आणि कॅथोलिक चर्च बरंचसं त्याच वाटेने गेलं.

आपण पुनरागमन मानतो, शेवटची मोठी कसोटी पण मानतो. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाचे परिच्छेद ६७५ ते ६७७ फादरकडून मागून वाच. त्यात म्हटलंय की इतिहासाच्या आतच, माणसाच्या हाताने, देवाचं राज्य पूर्ण करून दाखवतो असा दावा ही ख्रिस्तविरोधी फसवणूकच आहे, आणि राज्य येईल ते चर्चच्या विजयाच्या मिरवणुकीने नाही. म्हणजे सरांनी वर विळ्याचं सांगितलं तेच.

युद्धाबद्दल आपलं चर्च पूर्ण अहिंसक आहे असं मी म्हणणार नाही, न्याय्य युद्धाची शिकवण ऑगस्टिनपासून आहेच, स्वसंरक्षण मान्य आहे. पण पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या परिपत्रकात लिहिलं की आजच्या शस्त्रांच्या काळात ते जुने निकष धरून युद्ध न्याय्य आहे म्हणणं फार कठीण झालंय.

आणि हे होणारच, थांबवायचं कशाला, यावर मला आपल्या वसईचंच आठवतं. १९८८ मध्ये सरकारने इथली जमीन बांधकामाला मोकळी केली तेव्हा बिल्डर, गुंड, धमक्या, सगळं होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीचं पुढारपण करत होते, मोर्चे निघाले, गावोगाव सभा झाल्या, ख्रिस्ती-हिंदू दोन्ही घरातल्या बायका रस्त्यावर आल्या, माझी आई पण होती. समोर हत्यारं होती, आपल्याकडून दगड उचलू द्यायचा नाही असं ठरलेलं होतं. ह्याच फादरनी पुढे पूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं, प्रकटीकरणासकट. ख्रिस्त परत येणार यावर त्यांचा विश्वास तुझ्या दादापेक्षा काही कमी नव्हता, तरी विहिरीचं पाणी आणि केळीच्या बागा वाचवायला ते बाहेर पडले. सगळं वाचलं नाही, आज नालासोपारा बघतोसच, पण पश्चिम पट्टा जो काही हिरवा उरलाय तो त्यामुळे.

दादाशी वाद घालू नको. मत्तय २५:३१ पासून त्याच्याबरोबर बसून वाच. तिथे मनुष्याचा पुत्र गौरवाने येतो, सिंहासनावर बसतो, सगळी राष्ट्रं समोर, म्हणजे त्याचाच आवडता विषय. आणि प्रश्न काय विचारले जातात बघ, भुकेल्याला जेवण दिलं का, परक्याला घरात घेतलं का, तुरुंगात भेटायला गेलास का. चार्ट समजला का असं विचारलेलं नाही. आणि त्या काकीकडे दोघं मिळून जा, मुलगा कुठल्या बंदरात आहे ते विचारा, तिच्यासाठी तिथेच प्रार्थना करा. दादा नाही म्हणणार नाही, ज्याची दारू प्रार्थनेने सुटली त्याचं मन मऊ असतं.

---

आगाशीचा:

ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. दादा काकीकडे आला. तिकडे चार्टबद्दल एक शब्द बोलला नाही, प्रार्थना त्यानेच सांगितली, जहाजावरच्या सगळ्यांसाठी, मग स्वतःहून म्हणाला, जे मारतायत त्यांच्यासाठी पण. मी बघतच राहिलो. घरी येताना मात्र परत म्हणाला की येशूनेच लूक २२:३६ मध्ये सांगितलंय, झगा विकून तलवार विकत घ्या, मग तुम्ही अहिंसा अहिंसा काय करता. मला उत्तर देता आलं नाही. याचं काय?

---

वेंगुर्ल्याची_लेक:

हे वचन सगळेच काढतात. त्याला तोच अध्याय पुढे वाचायला सांगा. ३७ मध्ये येशू कारण देतो, अपराध्यांत गणला गेला हे शास्त्रवचन माझ्या ठायी पूर्ण व्हायला पाहिजे म्हणून. ३८ मध्ये शिष्य दोन तलवारी दाखवतात आणि तो म्हणतो पुरे. एवढ्या माणसांना दोन तलवारी लढायला पुरतात का? मग ४९ मध्ये शिष्य विचारतात, प्रभू, तलवार चालवू का, आणि उत्तराची वाट न बघता एक जण प्रमुख याजकाच्या दासाचा उजवा कान कापतो. ५१ मध्ये येशू म्हणतो, एवढ्यावरच थांबा, आणि त्या माणसाच्या कानाला हात लावून त्याला बरं करतो. त्याला धरायला आलेल्या माणसाचा कान. अटक होण्याआधी लूकने लिहिलेला शेवटचा चमत्कार तोच आहे. दादांना ३६ ते ५१ सलग, मोठ्याने वाचू दे, तुम्ही मध्ये काही बोलू नका.